अठ्ठावीस टक्क्यांवर मेलेली फाइल

माझी बुद्धी ही या शहराची ठेव आहे. शहराला तिची कदर नाही, हा शहराचा दोष. एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत चौकशी अहवाल लिहिले. त्यातल्या एकावरही कुणी उलट प्रश्न विचारला नाही, म्हणजे सगळे बिनचूक होते. इतर माणसं निवृत्तीनंतर बागेत बसून गुडघ्यांबद्दल बोलतात. मी, श्रीनिवास, गुप्तहेर झालो.

सोमवारी वरच्या मजल्यावरची मृण्मयी आली. तिचे वडील देवेश कचेरीत माझ्या हाताखाली होते, त्यामुळं त्या घरात माझा शब्द चालतो. पोरीनं एक व्हिडिओ गेम बनवला होता. दुष्काळी गावात टँकर येतो, घागर घेऊन त्याला गाठायचं. एवढ्यासाठी म्हणे चार वर्षं इंजिनिअरिंग शिकावं लागतं. घरातल्या टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम-कन्सोलवर बाहेरचे गेम चालत नाहीत, म्हणून तिनं त्याची आतली कुलपंही काढली होती. शुक्रवारी पुण्याची एक कंपनी व्हिडिओ कॉलवर तिचा खेळ त्याच कन्सोलवर चालताना बघणार होती. आवडला तर नोकरी, नाहीतर देवेश तिला बिडकीनकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटवणार होता.

अडचण अशी की लॅपटॉपवरून फाइल कन्सोलवर जाईना. शनिवारी नमुन्याची फाइल सुरळीत गेली होती. रविवार दुपारपासून अठ्ठावीस टक्क्यांच्या पुढं काही सरकत नव्हतं. कन्सोलची केबलची खाच तिच्या भावानं लहानपणी चमचा घालून मोडलेली, त्यामुळं वायफायशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी वर जाऊन आधी पंचनामा केला. ‘दिवाणखाना. कोपऱ्यात स्टूल एक, त्यावर राउटर एक. त्यासमोर पाण्याचे निळे ड्रम तीन, काठोकाठ भरलेले, प्रकरणाशी संबंध नाही.’ नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. रविवारी पाळी होती. टाकी आटल्याशिवाय ड्रमना हात लावायचा नाही, असा त्या घराचा नियम. मृण्मयी म्हणाली, राउटर जरा हलवून बघू का? अर्धवट ज्ञानाचा असा राग येतो मला. तपास संपेपर्यंत घरातली टाचणीही हलवायची नाही, असा मी हुकूम दिला.

पहिला संशय शेजारच्या वरदवर. तो वायफाय चोरत असणार. तासभर उलटतपासणी केल्यावर कळलं की त्याचं स्वतःचं नेट यांच्यापेक्षा वेगवान आहे. मंगळवारी मी मागच्या बारा मजली नव्या इमारतीकडं वळलो. आहे त्या लोकांना प्यायला पाणी नाही आणि हे स्विमिंग पूल बांधतात. ही इमारत आमच्या लहरी गिळते, असं मी वॉचमनला बजावलं. त्या अडाण्यानं विचारलं, कुठल्या फ्लॅटला पाठवायच्या? बुधवारी मी मृण्मयीच्या बापावरच बोट ठेवलं. पोरीनं स्टोअर सांभाळावं म्हणून हा फाइल मारतो. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. सत्य बोलणाऱ्याला मिळत नाहीच.

गुरुवारी मृण्मयीचे डोळे सुजले होते.

“काका, उद्या काय दाखवू मी त्यांना?”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी पंचनामा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.

तेवढ्यात चतुराबाई आली. ती यांच्याकडं झाडूपोछा करते. दौलताबादला सासू आजारी म्हणून पाच दिवस गावाला गेली होती. आल्या आल्या तिनं एका हातात झाडू तसाच ठेवून दुसऱ्या हातानं राउटर उचलला आणि कपाटावर ठेवून दिला. मी पुरावा नष्ट झाला म्हणून ओरडलो.

“ड्रम भरले की नेट अडकतंय. दर पाळीला मी वर ठेवत असते ते,” ती म्हणाली. “मी नव्हते तर एवढ्या शिकलेल्या घरात कुणाला सुचलं नाय व्हय?”

अकरा मिनिटांत फाइल शंभर टक्के पोचली. बाईला विज्ञान कळत नाही, निव्वळ सवय. अहवालात मी तसं नमूद केलं.

शुक्रवारी मी मागं खुर्ची टाकून बसलो. चार दिवस रिकामी बसल्यामुळं पोरीनं खेळात एक नवा अडथळा घातला होता. बाया घागरी घेऊन टँकरमागं धावतात आणि वाटेत चष्मा लावलेला एक म्हातारा वही उघडून त्यांना अडवतो. घागरी मोजतो, नावं लिहितो, काही हलवू देत नाही. तोवर टँकर निघून जातो. पुण्याची मंडळी त्या म्हाताऱ्यावर पोट धरधरून हसली आणि नोकरी तिथंच पक्की झाली.

मी मृण्मयीचं अभिनंदन केलं. पण परखड मत द्यायला मी कचरत नाही. इतका मूर्ख माणूस कुणाला खरा वाटणार नाही, असं मी तिला सांगितलं.

तिनं कन्सोल बंद केला.

“वाटला, काका.”