नरहरी सरांचा फ्रान्स

नरहरी सरांना डावं-उजवं चालत नसे. कळत असणारच, पण ते मानत नसत. माणसानं तोंड फिरवलं की जी गोष्ट बदलते तिच्यावर काय विश्वास ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. आमच्या अहमदपूरच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मी त्याच शाळेत गणिताला. मधल्या सुट्टीत डबे उघडले की सर म्हणायचे, "पाटील, तुमच्या ईशान्येला लोणचं आहे, जरा दक्षिणेला सरकवा." मी आधी खिडकी बघायचो, मग सूर्य कुठं ते आठवायचो, मग लोणचं. तोवर सरांची पोळी निम्मी संपलेली असायची.

एका लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "काका, थोडं उजवीकडं सरका." सर जागचे हलले नाहीत. "कुणाच्या उजवीकडं? तुझ्या का माझ्या?" पाठीमागं जेवणाची रांग खोळंबली. शेवटी नवरदेवानंच सरांना दंडाला धरून पश्चिमेला नेलं.

दुसरं वेड फ्रान्सचं. पश्चिम युरोपच्या हवामानाचा धडा पुस्तकात दीड पानाचा, सर तो आठवडाभर शिकवत. "पोरांनो, बोर्दोच्या मळ्यात सकाळी धुकं असतं. नदीवरून येतं हळूहळू. दहा वाजता ऊन पडलं की द्राक्षं चमकायला लागतात." बाहेर मार्चचं ऊन, वर्गात पंखा बंद, आणि पोरं बोर्दोच्या धुक्यात. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, तुम्ही कधी जाऊन आलात?"

"रोज जातो," सर म्हणाले. "नकाशात."

प्रत्यक्षात हा माणूस मुक्कामाला कुठंच जात नसे. शाळेची सहल माहूरला निघाली की सर फाटकापर्यंत येऊन गाडीला हात करत. पाच वाजले की सायकल काढून थेट घर. आम्ही त्यांची लई चेष्टा केली. फ्रान्सच्या गप्पा मारणाऱ्याला नांदेडला राहायची भीती वाटते, म्हणायचो. सर हसत आणि पायडल मारत.

घरी त्यांचा धाकटा भाऊ होता, दत्तू. लहानपणी मोठं तापाचं दुखणं झालं आणि त्याचं मन सात-आठ वर्षांवरच थांबलं. आईवडील गेल्यावर सरांनीच त्याला सांभाळलं, लग्न केलं नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक असून आमच्यापैकी कुणी त्यावर कधी विचार केला नव्हता, हे आता लिहिताना जड जातं.

सर रिटायर झाले, त्या साली शिवलिंग अप्पांनी बूट काढला. अप्पा म्हणजे आमचे कापडदुकानवाले मित्र, गाडी त्यांची. म्हणाले, "औशाकडं एका सूनबाईनं द्राक्षाचा मळा दावायला सुरू केलंय म्हणं. तास-दीड तास पायी फिरवून समदं समजावून सांगते. गुरुजीला घेऊन जाऊ की."

सरांनी पहिला प्रश्न विचारला, "परत किती वाजता?" दुपारपर्यंत, असं अप्पांनी वचन दिलं. शेजारच्या काकूंना दत्तूपाशी बसवून सर निघाले. डोक्याला पांढरी टोपी, खिशात होकायंत्र आणि वही.

मळ्यावर आम्ही दहा-बारा माणसं होतो, बाकीची लातूरची. फिरवणारी अर्चना, शेतकीची पदवी घेतलेली, तिशीची, पायात बूट, डोक्याला रुमाल. तिनं सुरुवात केली, "आपण आता उजवीकडून आत जाऊ."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"वायव्येकडून," सर म्हणाले.

अर्चना हसली. पुढं तासभर ती वेलाची छाटणी, ठिबक, घडांना उन्हापासून वाचवायला बांधलेले कागद, असं एकेक सांगत गेली, आणि सर प्रत्येक गोष्टीला बोर्दो जोडत गेले. "तिथं असा मांडव नसतो, कंबरेएवढ्या ओळी असतात." लातूरच्या एका बाईंनी आदरानं विचारलं, "तुमचा मुलगा असतो का हो तिकडं?" सर म्हणाले, "पंचेचाळीस अक्षांश." बाई पुढच्या वेलाकडं वळल्या.

मग सरांचे प्रश्न सुरू झाले, ते मात्र निराळेच. मळ्यात कुत्रं आहे का? ट्रॅक्टर किती वाजता सुरू होतो? फवारणीच्या मशीनचा आवाज मोठा असतो का? बसायला कुठं जागा? अर्चना उत्तरं देत होती, सर वहीत लिहीत होते. अप्पा माझ्या कानात म्हणाले, "गुरुजी जागा बघून राहिलेत का काय, मळा घ्यायला?"

फेरी संपल्यावर सगळ्यांना एकेक घड खायला दिला. सरांनी आपला हातातच धरला. अर्चना एकटी दिसताच तिच्याजवळ गेले. मी नळावर हात धूत होतो, म्हणून ऐकू आलं.

"ताई, माझा भाऊ आहे. बावन्न वर्षांचा, पण लहान आहे. त्याला गर्दीची, आवाजाची भीती वाटते. सकाळी लवकर, कुणी नसताना आणला तर चालेल का? कशालाच हात लावणार नाही तो."

"आणा की काका. हात लावू द्या."

सर थोडे घुटमळले. "अजून एक. रोज संध्याकाळी मी त्याला नकाशा दाखवतो. फ्रान्सला नेईन म्हणून कबूल केलंय. तर इथं आल्यावर... तुम्ही फक्त नाही म्हणू नका."

मी नळ बंद करायचा विसरलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो, उजाडता उजाडता. दत्तूला इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, सरांचं बोट घट्ट धरलेलं. अर्चनानं कामाची माणसं मळ्याच्या पलीकडच्या बाजूला पाठवली होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "बोंझूर, दत्तूकाका."

दत्तू सरांच्या पाठीमागं लपला. तिथून त्यानं विचारलं, "दादा, हिला मराठी येतंय का?"

"येतंय."

"मग बरं झालं."

मांडवाखाली तो मान वर करून हिंडला. "फ्रान्स लई गार हाय," म्हणाला. एक घड त्यानं मणी मणी मोजत खाल्ला आणि तो खात असताना सर त्याच्याकडे बघत राहिले. अर्ध्या तासानं दत्तूनं जाहीर केलं, "झालं फ्रान्स. आता घरी."

अप्पा त्याला चिकट हात धुवायला नळावर घेऊन गेले. मी सरांजवळ थांबलो. इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "सर, खरंच जायचं होतं का हो तुम्हाला?"

"पासपोर्ट काढला होता. दोनदा. दोन्ही कोरेच संपले."

सर समोर बघत होते. वेलांची एक लांबलचक ओळ, खाली सावली, शेवटच्या टोकाला उजेड.

"पाटील, त्याचं लक्ष अप्पांकडं आहे. मी तेवढं त्या टोकाला जाऊन येऊ का? दोन मिनिटं."

"जा की सर. मी आहे इथं."

ते निघाले. हात पाठीमागं बांधून, सावकाश, आजूबाजूला बघत. एके ठिकाणी थांबून त्यांनी एक पान हातात धरलं, सोडलं, पुन्हा चालू लागले. एवढ्या निवांत चालीनं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ते निम्म्यावर पोहोचले असतील, तेवढ्यात नळाकडून हाक आली, "दादा! दादा कुठं हाय?"

सर थांबले. टोकाच्या उजेडाकडं क्षणभर बघत उभे राहिले.

"आलो रे," म्हणाले, आणि वळले.