व्हेरिफिकेशनचा रविवार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मोहितेकाकांकडे इन्कम टॅक्सचं रिटर्न उभं राहून भरावं लागतं. सगळं नाही, शेवटचा भाग. स्क्रीनवर ‘मी असे घोषित करतो की’ हा मजकूर आला की काका स्वतः उठतात, शर्टाची कड ओढून सरळ करतात आणि समोरच्याला म्हणतात, “ऊठ. सरकारला शब्द देतोयस, तो बसून देणार?” पहिल्या वर्षी मला ही गंमत वाटली आणि मी बसल्या बसल्या हसलो. काकांनी लॅपटॉप मिटला. पुढच्या रविवारी मी उभा राहिलो.

काका मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात. घोडी गेली, संस्थान गेलं, पण काका अजूनही सकाळी गॅलरीत असे ताठ उभे असतात, की दूधवाल्यालासुद्धा सलाम ठोकावासा वाटावा. काकू सहा-सात वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी सुरतेला असते, आठवड्याला फोन करते.

जुलै लागला की दर रविवारी सकाळी काकांचं घर भरतं. लेथवरचे कामगार, वॉचमन, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांचं रिटर्न काका फुकट भरून देतात. म्हणजे भरून देत नाहीत, ज्याचं त्याच्याकडून भरून घेतात. सरकारच्या साइटवर भरायला पैसे पडत नाहीत, मग मी कशाचे घेऊ, हा त्यांचा सवाल. कुणी पेढ्यांचा पुडा आणला तर तो दारातूनच परत जातो.

“फुकट आहे म्हणून उरकायचं नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि ते खरोखरच काही उरकत नाहीत. फॉर्ममधली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावतात. कीबोर्डला स्वतः बोट लावत नाहीत, “हात तुझा, डोळे माझे.” पासवर्ड टाकायची वेळ आली की भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरतात आणि “झालं? बघू ने आता?” असं आमच्याकडच्या गुजराती वळणानं दोनदा विचारल्याशिवाय वळत नाहीत. ओटीपी आला की तो कवायतीच्या सुरात म्हणायचा. “चार! शून्य! शून्य! सात! दोन! नऊ!” जुलैतल्या रविवारी सगळ्या सोसायटीला सगळ्यांचे ओटीपी ऐकू येतात. दहा मिनिटांत ते शिळे होतात म्हणून बरं.

फॉर्म गेला की काका लॅपटॉप बंद करून म्हणतात, “बस. आता पुढच्या रविवारी ये, व्हेरिफिकेशनला.”

व्हेरिफिकेशनच्या रविवारी मात्र काका वेगळेच असतात. सकाळपासून उसळ शिजत असते, शेव आणून ठेवलेली असते. आधी सेव-उसळ, मग गप्पा, मग चहा आणि जाता जाता व्हेरिफिकेशन. लोणच्यासारखं रिटर्नही आठवडाभर मुरावं लागत असेल, अशी माझी समजूत होती. सहा वर्षं होती. मी स्वतःला शिकलेला माणूस समजतो, हे इथे सांगितलेलं बरं.

यंदा जुलैच्या शेवटच्या रविवारी माझा फॉर्म भरून होतो न होतो तोच संजय शेलार आला. मकरपुऱ्यात लेथवर काम करणारा, पस्तिशीचा, घाबराघुबरा. तरसालीला दोन खोल्यांचं घर बघितलेलं, बँक कर्ज द्यायला तयार, पण तीन वर्षांची रिटर्नं उद्या सकाळपर्यंत हवीत. आधीची दोन एका एजंटनं भरलेली. त्या महाशयांनी संजयच्या खात्यात मोबाइल नंबर टाकला होता स्वतःचा, ईमेलही स्वतःचा. आता दुकानाला कुलूप आणि फोन बंद. संजयला स्वतःचंच खातं उघडता येईना.

काकांचा चेहरा लाल झाला. तुझ्या घराची किल्ली परक्याच्या खिशात, आणि तू दोन वर्षं विचारलंसुद्धा नाहीस, असं बरंच सुनावलं. मग त्याला बसवलं. आधारचा नंबर संजयच्या मोबाइलला जोडलेला होता, तेवढ्यावर नवा पासवर्ड मिळाला. काका भिंतीकडे वळले, वर्तमानपत्र वर गेलं. खातं उघडलं. स्वतःचं नाव स्क्रीनवर बघून संजय नुसता बघतच राहिला. मग एजंटचा नंबर काढला, त्याचा घातला, जुनी दोन रिटर्नं उतरवून घेतली आणि यंदाचं भरलं. दुपारचे दोन वाजले. संजय उभा राहिला, शब्द दिला, फॉर्म गेला.

“बस,” काका सवयीनं म्हणाले, “आता पुढच्या रविवारी ये, व्हेरिफिकेशनला.”

संजय खालीच बसला. “काका, आज नाही होणार? बँकेला व्हेरिफाय झालेलंच पाहिजे. उद्या नाही दिलं तर घर दुसऱ्याला जाईल.”

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

“होतं,” ते हळूच म्हणाले. “आजच होतं. खाली बटण आहे बघ, दाब.”

या वेळी ओटीपीची कवायत झाली नाही. संजयनं मनातल्या मनात वाचला आणि टाकला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. तो काकांच्या पाया पडला आणि प्रिंट काढायला धावला.

मी मागे राहिलो. सहा वर्षांचा हिशेब आता चांगला चुकता करावा, अशी खोडी मनात आली होती. काका वर्तमानपत्राची घडी घालत होते. ती नीट होईना.

“ही गेल्यानंतर घरी कुणी यायचंच नाही रे,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “फॉर्म गेला की माणूसही जातो. म्हटलं, एकदा तरी परत येऊ दे.”

मला फार लाज वाटली. मी त्यांच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहतो. मधे सतरा पायऱ्या आहेत, आणि त्या मी वर्षातून दोनदा चढत होतो, तेही सरकारच्या कामासाठी.

पुढच्या रविवारी मी माझ्या व्हेरिफिकेशनला गेलो. ते आता मला घरबसल्या फोनवर करता आलं असतं. मुद्दाम ठेवलं होतं. यंदाचा मी शेवटचाच, म्हणून काकांनी उसळ थोडीशीच केली होती. आम्ही बसतो न बसतो तोच बेल वाजली. दारात संजय, त्याची बायको आणि दोन मुली. बँकेनं कागद घेतले होते, कर्ज मंजूर झालं होतं.

“अरे, तुझं तर झालंय ने,” काका म्हणाले.

“हो ने काका, माहीत आहे,” संजय चपला काढत म्हणाला. “तरी आलो.”

काकांनी शर्टाची कड ओढली आणि तडक स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो. ते उसळीच्या पातेल्यात पाणी वाढवत होते.

“सहा जणांना पुरेल ने रे?”

पुरणार नव्हती. मी म्हटलं, पुरेल, आणि आणखी पाव आणायला खाली निघालो.