पडद्यापलीकडचा महिला विभाग

"त्या खोलीत बाई आहे, यात वाद नाही. पण ती माणसातली नाही."

पडद्यापलीकडून केळ्यांचे व्यापारी खंडूशेट हे म्हणाले, तेव्हा मी पान उलटत होते. हात तसाच अधांतरी धरून ठेवला. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे माणसातली नसलेली ती बाई मीच.

"काल कागदाचा आवाज आला," खंडूशेट हलक्या आवाजात सांगत होते. "मी विचारलं, कोण आहे? तर आवाज बंद."

"मंग तुमी काय केला?" हा पास्कू. पाचूबंदरचा मासेमार. त्याला वाचता येत नसे, पण पेपर ऐकायला तो रोज येई.

"काय करणार? घरी गेलो."

"हळू बोला," तिसरा आवाज आला. "आत भगिनी वाचताहेत. सरकारचा नियम आहे."

हे जनूभाऊ राऊत, आमच्या वसईतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. स्वातंत्र्य मिळून काहीच वर्षं झाली होती. सरकार वाचनालयांना अनुदान देऊ लागलं होतं आणि त्यासाठी बायकांची वेगळी सोय लागते, असं जनूभाऊ सांगत. ती अट त्यांच्याखेरीज गावात कोणी वाचलेली नव्हती. त्यांनी मागच्या खोलीवर 'महिला विभाग' अशी पाटी लावली. मधल्या दारात एका होडीचं जुनं, ठिगळं लावलेलं शीड पडदा म्हणून टांगलं. बायकांना पुरुषांसमोरून जावं लागू नये म्हणून केळीच्या वाडीकडचं मागचं दार मोकळं केलं. सगळी तयारी झाली, आणि एकही बाई आली नाही.

जनूभाऊंनी याची दखल घेतली नाही. रोज दिवेलागणीला ते वाडीला वळसा घालून जात, मागच्या दाराची कडी काढत आणि तोंड दुसरीकडे फिरवून कंदील आत सरकवत. पडद्याजवळून जायचं असेल तर आधी खाकरत. वाचनालय बंद करायच्या वेळी पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि म्हणत, "भगिनींनो, वेळ झाली." मग भगिनींना पदर सावरून, चपला शोधून, वाडीतून रस्त्याला लागायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबत. तोवर पुरुषांनाही ते उठू देत नसत. चांगली मिशीवाली माणसं माना खाली घालून, कोणीही नसलेल्या बायका निघून जाण्याची वाट पाहत बसत.

गंमत म्हणजे पुरुषांना हे सगळं पटलं होतं. आपल्या घरची जात नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण इतरांच्या जात असणार. शाळेतले एक मास्तर खंडूशेटांना म्हणाले होते, "तुमच्याकडे वाचनाची आवड फार, असं ऐकतो." खंडूशेटांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हल्ली वाढलीय खरी."

जनूभाऊंचं दुसरं वेड म्हणजे कायदा. वाचनालयांचा कायदा होणार, मग सरकारला गावोगावी वाचनालय काढावंच लागणार, कोणाच्या मेहेरबानीवर काही राहणार नाही. त्यासाठी ते मंत्र्यांना अर्ज धाडत, मुंबईला खेपा घालत, कचेऱ्यांच्या बाकांवर दिवस काढून परत येत. आले की सांगत, "निघालाय. वाटेत आहे."

"जनूभाव," पास्कू विचारायचा, "तुमचा कायदा लागला का बंदराला? का वारा पडला?"

"वारा पडला तरी भरती येते, पास्कू."

"येते. पन ती व्हडी बुडवते पन."

मी त्या खोलीत गेले ती लपायला. माझी सगळी शाळा वांद्र्याला, नन्सच्या हाताखाली, इंग्रजीत झाली. आई गेल्यावर वडिलांनी मला काकूकडे आणून सोडलं. माझ्या मराठीला चुलतभाऊ 'पाव-बटर' म्हणत. मी मीठ मागितलं तरी पंगतीत खसखस पिके, म्हणून मी अळणी जेवायला शिकले. वाचनालयामागची केळीची वाडी आमचीच. एका संध्याकाळी मागचं दार उघडं दिसलं, कंदील जळत होता, आत कोणी नव्हतं. मी बसले. ओळीखाली बोट धरून, लहान मुलासारखी अक्षरं लावत मराठी वाचू लागले. हे कोणी पाहिलं असतं तर मी पुन्हा तिथे गेले नसते.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. सुकत घातलेल्या केळ्यांचा गोड, जड वास वाडीतून आत येई आणि शीड मधूनच श्वास घेतल्यासारखं फुगे. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी मासिक ज्या पानावर सोडून जाई, त्या पानावर ते दुसऱ्या दिवशी नसे. दहा-बारा पानं पुढे उघडलेलं असे. वाऱ्याने होत असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण हा वारा कधी मागची पानं उलटत नसे. गोष्ट संपली की तिथे थांबत असे. एकूण तो माझ्यापेक्षा बराच भराभर वाचत होता.

असेच काही आठवडे गेले. एकदा "भगिनींनो, वेळ झाली" झालं, पुरुष निघून गेले, आणि मी उठणार इतक्यात पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पडद्याच्या अगदी जवळ.

"आक्का," जनूभाऊ म्हणाले, "आज मुंबईला जाऊन आलो. साहेब काही भेटले नाहीत. शिपाई भला होता, पाणी दिलं त्याने."

उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले.

"हो, मीही तेच म्हटलं. पुन्हा जाईन." मग थोड्या वेळाने, "एवढे दिवस मी एकटाच बोलत होतो, आक्का. आता तुझं पान उलटलेलं ऐकू येतं. बरं वाटतं. पण हल्ली फार हळू वाचतेस. डोळे दुखतात का?"

मी दाराबाहेर पडले तेव्हा चपला हातात होत्या.

काकूला मी कारण न सांगता विचारलं, जनूभाऊंना बहीण होती का.

"होती की. द्वारका," काकू म्हणाली. "कळत्या वयाच्या आधीच विधवा झालेली. त्याला मुळाक्षरं तिनेच शिकवली. तेव्हा वाचनालयात बायकांना मज्जाव होता गं. हा तिथे झाडलोट करायचा आणि उपरण्यात लपवून तिला पुस्तकं आणून द्यायचा. एकदा धरला. वाचनालयातली मंडळी घरी आली नि अर्धं वाचलेलं पुस्तक तिच्या हातातून काढून घेऊन गेली. त्याच साली तापाने गेली ती. शेवटपर्यंत त्याला विचारत होती, पुढे काय झालं रे. याने ते वाचलेलंच नव्हतं. काय सांगणार?" आणि मग माझ्याकडे निरखून पाहत, "तू का विचारतेस?"

मी मान हलवली. मान हलवून माझं बरंच भागत असे.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही तर पलीकडे काय वाटेल, हे मला कळत होतं. म्हणून गेले. त्या दिवसापासून पानं जरा वाजवून उलटू लागले.

इकडे खंडूशेटांचं भय ओसरलं होतं आणि त्यांना हिशेब सुचला होता. त्यांना सुकेळीच्या, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांच्या, करंड्या ठेवायला कोरडी जागा हवी होती, आणि ते वाचनालयाच्या मंडळावर होते. मंडळात त्यांनी सरळ प्रश्न विचारला, "आत बायका नाहीत, भूत आहे. भुतासाठी सरकार अनुदान देतं का?" बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेकाने कबूल केलं की आपल्या घरची कोणी जात नाही. गोष्ट वर गेली. तपासणीला साहेब येणार असं ठरलं. विभाग रिकामा निघाला तर अनुदान बंद आणि खोली सुकेळीला.

जनूभाऊंनी कोणाच्याही दारात जाऊन 'तेवढ्या दिवसापुरती बाई पाठवा' म्हटलं नाही. त्यांनी फक्त पाटी पुसली आणि कंदिलाची काच घासली.

साहेब आले ते तिन्हीसांजेला. मी खुर्चीत होते. शिडाच्या ठिगळांमधून पलीकडच्या सावल्या दिसत होत्या.

"आत किती भगिनी आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मी पाहिलेलं नाही, साहेब," जनूभाऊ म्हणाले. "पाहायचं नाही, असा नियम आहे."

"मग आहेत हे कशावरून?"

"ऐकू येतं."

खंडूशेट हसले. "साहेब, पडदा उचला म्हणजे झालं."

"उचलू नका." जनूभाऊंचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा निघाला. "हाक मारा. हवी तेवढी हाक मारा. पडदा तेवढा उचलू नका."

आत कोणी नसेल अशी त्यांना भीती नव्हती. आत दुसरंच कोणी असेल, अशी होती. ते मला तेव्हा कळलं. मी गप्प राहिले तर खोली जाणार. मी बोलले तर खोली राहील, पण एवढे दिवस पानं उलटणाऱ्या बाईला पाव-बटर मराठी बोलणाऱ्या पोरीचा गळा येईल, आणि द्वारकाबाई दुसऱ्यांदा जातील. मागचं दार उघडं होतं.

"आत कोण आहे?" साहेबांनी हाक मारली.

आमच्याकडे तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो, असं काकू सांगे. मी थांबले.

"कोणी आहे का आत?"

मी मागच्या दाराकडे पाहिलं. पास्कू पलीकडे पुटपुटत होता, बहुधा प्रार्थना.

"बघा," खंडूशेट म्हणाले.

साहेबांची बोटं शिडाच्या कडेवर आली. कंदिलाच्या उजेडात चार नखं दिसली. "शेवटचं विचारतो. किती जणी आहात?"

त्या बोटांच्या बाजूला जनूभाऊंची सावली होती. ती हलत नव्हती.

"दोघी," मी म्हणाले. "दोघी आहोत, साहेब. हळू वाचते ती मी."