वरचा रुपया

आमच्या कंपनीतल्या कोणाच्याही घरचं रिसेप्शन असलं, की स्टेजच्या रांगेत शिरण्याआधी एक तपासणी पार करावी लागते. ती लग्नघरच्यांनी ठेवलेली नसते. आमच्या क्वालिटी विभागातले सोनकांबळे भाऊ ती स्वखुशीने आणि विनामोबदला करतात. तुम्ही खिशातून पाकीट काढलंत की ते शेजारी येऊन उभे राहतात, पाकीट तुमच्या हातातून घेतात, डोळे मिटून अंगठ्याने चाचपतात आणि विचारतात, "रुपया लावला का?"

नसेल लावला, तर भाऊ पँटच्या डाव्या खिशात हात घालतात. त्या खिशात एक रुपयाची नाणी असतात, इतकी, की लग्नसराईत भाऊ चालताना डावीकडे किंचित कलतात. एक नाणं बाहेर येतं, पाकिटात पडतं, भाऊ पुन्हा चाचपतात आणि म्हणतात, "ओके." दिवसभर कंपनीत ते हातात गेज घेऊन सुटे भाग पास-रिजेक्ट करतात, संध्याकाळी पाकिटं करतात. त्या रुपयाचे पैसे कोणी परत देऊ केले तर घेत नाहीत. मी एकदा त्यांना फोनवरून रुपया पाठवला, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी त्याच कंपनीत स्टोअर्सला आहे. राहायला निगडीला, पण भाऊंची आणि माझी शिफ्ट एक, त्यामुळे निम्मी लग्नं आम्ही माझ्या स्कूटरवरून केली आहेत. एकदा वाटेत मी विचारलं, "भाऊ, पाचशे दिले काय आणि पाचशे एक दिले काय, त्या रुपयाने कोणाचा संसार उभा राहतो?"

"साहेब, पाचशे दिले की हिशोब मिटला," भाऊ मागून म्हणाले. "दुकानदाराला आपण असेच देतो की न्हाई? वर रुपया टाकला की त्यो मिटत न्हाई, उरतो. आन उरला की माणूस परत येतो."

भाऊ मूळचे उदगीरकडचे. पोरवयात कामाला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले, पण "कामून" आणि "लई" सुटलं नाही. आहेराच्या बाबतीत त्यांचे कायदे कडक आहेत. पहिला, आधी पाकीट, मग पंगत. आधी जेवून मग पाकीट देणाऱ्याला ते उधारीवर जेवणारा म्हणतात, आणि तो प्रोडक्शन मॅनेजर असला तरी म्हणतात. दुसरा, पाकिटावर नाव, आडनाव आणि गाव. यातलं काही राहिलं तर ते पाकीट बेवारस. तिसरा, पंगतीतलं काहीही घरी न्यायचं नाही, मग बायको वाट बघत असली तरी. आणि चौथा, दिलेला आहेर परत मागायचा नाही, चुकून दिला असला तरी नाही.

मध्यंतरी आमच्या डिस्पॅचमधल्या एका पोराने रिसेप्शनला स्टेजवर क्यूआर कोड लावला. त्याच्या भावाचं मोबाइलचं दुकान आहे, तिथला बोलणारा डबाही आणून गणपतीच्या मूर्तीशेजारी ठेवला. लोक रांगेतून पुढे सरकत होते आणि डबा खणखणीत आवाजात "पाचशे एक रुपये प्राप्त झाले" असं सगळ्या मांडवाला सांगत होता. आमच्या एचआरच्या साहेबांनी नवरानवरीला तोंड भरून आशीर्वाद दिले, फोटोसाठी मध्ये उभे राहिले, आणि डबा म्हणाला, "एक्कावन्न रुपये प्राप्त झाले." साहेब जागेवरच थांबले. खिशातून फोन काढून त्यांनी पुन्हा काहीतरी केलं, तर डबा म्हणाला, "साडेचारशे रुपये प्राप्त झाले."

भाऊंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, साहेबांची फजिती बघून लावला.

"बगा," ते म्हणाले, "पन्नासावरचा रुपया पयले लावला व्हता, दुसऱ्या टायमाला इसरले. आता बेरीज बगा. रुपया टिकला. नशीब साहेबांचं."

भाऊंना मूलबाळ नाही. महाळुंग्यात दोन खोल्या, ते आणि मंदावहिनी. म्हणजे बारसं नाही, जावळ नाही, लग्न नाही. त्यांचं स्वतःचं लग्नही रजिस्टर, त्यामुळे तेव्हाही कोणी काही दिलेलं नाही. मी स्टोअर्सचा माणूस, माल गेला की माल आला पाहिजे एवढंच मला कळतं, आणि या माणसाचा नुसता जावकच चालू होता. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. भाऊ म्हणाले, "येईल की. घाई कशाची?"

आता ज्या गोष्टीमुळे भाऊ कंपनीत प्रसिद्ध झाले ती सांगतो.

पेंट शॉपमधल्या गायकवाडच्या मुलाचं रिसेप्शन होतं. चाकण रोडला एक लॉन्स आहे, खरं तर दोन आहेत, पण मालक एक आणि कमान एक. आत शिरलं की डावीकडे एक लग्न, उजवीकडे दुसरं. आमचं उजवीकडे होतं. एरवी लग्नाला कंपनीचाच शर्ट घालून येणारे भाऊ त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. कमानीखाली उभं राहून त्यांनी दोन्हीकडचे नावांचे बोर्ड सावकाश वाचले. मग खिशातून दोन पाकिटं काढली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"असू द्या," म्हणाले आणि सरळ डावीकडे चालू लागले.

मी मागून "भाऊ, इकडं, इकडं" करत राहिलो, पण ते रांगेत शिरलेसुद्धा. मांडवात मी कोणालाही ओळखत नव्हतो. भाऊ स्टेजवर चढले. नवऱ्यामुलाकडे त्यांनी बघितलंही नाही. पाकिटं गोळा करायला पिशवी घेऊन बसलेल्या बाईला ओलांडून ते नवरीपुढे उभे राहिले, तिच्या हातात पाकीट ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने वाकून नमस्कार केला. शेजारी गुलाबी फेट्यातले तिचे वडील भाऊंकडे बघत राहिले. हा पाहुणा आपला की त्यांचा, अशा वेळी माणूस बघतो तसे. पाकिटावर मी ओझरतं पाहिलं, नुसतं 'मंदा' लिहिलं होतं. ना आडनाव, ना गाव.

खाली उतरल्यावर भाऊंनी तिसरा कायदाही मोडला. जेवले नाहीत, पण एक जिलबी उचलून कागदी रुमालात गुंडाळली आणि त्या पांढऱ्या शर्टच्या खिशात ठेवली. मग आम्ही उजवीकडे जाऊन गायकवाडला दुसरं पाकीट दिलं.

"अहो, चुकीच्या मांडवात दिलंत," मी म्हणालो. "सांगून परत घेऊ या. मी बोलतो त्यांच्याशी."

"दिलेला आहेर मागायचा नसतो," भाऊ म्हणाले. त्यांच्या खिशावर पाकाचा डाग पसरत चालला होता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी ही हकिकत साभिनय सांगितली. जगाची पाकिटं तपासणारा माणूस स्वतःचंच पाकीट चुकीच्या मांडवात देऊन येतो, यावर लोकांना हसायला बरेच महिने पुरले. भाऊ गेटमधून आत आले की कोणीतरी विचारायचं, "भावा, डावीकडं का उजवीकडं?" भाऊही हसायचे.

दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रिकेला भाऊ आमंत्रण मानत नाहीत, तेव्हा एका रविवारी मी पत्रिका आणि अक्षता घेऊन महाळुंग्याला गेलो. भाऊ घरच्या पायजम्यात होते. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि खालच्या ओळीवर थांबले. तिथे 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं होतं.

"ही वळ कोनी घातली?"

"मुलीने," मी म्हणालो. "आता सगळेच घालतात."

"साहेब, माणसाला घरी बोलवायचं आन दारात त्याचे हात बांधायचे?" भाऊ चिडले नव्हते, पण दुखावले होते. मंदावहिनी आत चहा टाकत होत्या. मी विषय बदलणार तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, आणि मग मनातल्या मनात त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा घालून बघितल्यावर ओळख पटली. चुकीच्या मांडवातल्या नवरीचे वडील.

"आमच्या पोरीच्या लग्नात एक पाकीट आलं व्हतं," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "वर नाव व्हतं, आडनाव न्हवतं."

बिचाऱ्याने पाकीट परत करायला इतक्या महिन्यांनी भाऊंना शोधून काढलं, याचं मला कौतुक वाटलं. भाऊंची अडचण होऊ नये म्हणून मीच पुढे झालो. "अहो, ते चुकून झालं. दोन मांडव शेजारी होते ना, हे डावीकडं शिरले. मी होतो बरोबर."

"चुकून कसं व्हईल?" ते म्हणाले. "माझी बहीन हाय ती."

मी बसलो.

नंतर मला सगळं कळलं, ते एवढंच. भाऊ इकडे आले तेव्हा कुरुळीत याच माणसाच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहत होते. मंदावहिनी त्या घरची मुलगी. जात आडवी आली, तेव्हा दोघांनी रजिस्टर लग्न केलं, आणि घरच्यांनी आमची मुलगी आम्हाला मेली असं सांगून टाकलं. महाळुंग्याहून कुरुळीला शेअर रिक्षा जाते. वहिनी त्या रिक्षात त्यानंतर कधी बसल्या नव्हत्या. कँटीनमध्ये मी केलेली नक्कल मला आठवली आणि लाज वाटली.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "दादा, आत ये की."

दादा आत आले, पण बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून साडी काढून टेबलावर ठेवली, त्यावर एक पांढरं पाकीट ठेवलं. "आमी कुनाचं ठिवून घेत न्हाय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पोरीनं पाकीट दावलं तवापासून डोक्यात व्हतं. तुमचं तुमाला पोचलं. फिटलं."

भाऊंनी पाकीट उचललं. डोळे मिटले आणि अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. मी इतक्या वेळा बघितलेला प्रकार, पण या वेळी माझी नजर त्या अंगठ्यावरून हलेना. अंगठा परत आला. पाकिटात नाणं नव्हतं.

हा माणूस हिशोब मिटवायला आला होता.

"दादा," भाऊ म्हणाले. आवाज रोजचाच होता, रांगेतला. "रुपया लावला का?"

"आँ?"

"वरचा रुपया. न्हाई लावला."

दादांनी खिसे चाचपले. फोन निघाला, गाडीची किल्ली निघाली, तंबाखूची पुडी निघाली. "सुटं कोन ठिवतंय आता," ते म्हणाले.

भाऊंचा हात सवयीने डाव्या बाजूला गेला, पण पायजम्याला खिसा नव्हता. दाराआड खुंटीला पँट लटकलेली होती. भाऊ उठले, तिथे गेले, खिशात हात घातला. सगळी नाणी वाजली. एक रुपया घेऊन ते परत आले आणि तळहातावर ठेवून हात दादांपुढे धरला.

गावातल्या माणसाला वरच्या रुपयाचा अर्थ सांगावा लागत नाही. दादा त्या नाण्याकडे बघत राहिले. ट्रेमधल्या चहावर साय धरली. वहिनी भावाकडे बघत नव्हत्या, त्यांची नजर भाऊंच्या तळहातावर होती. या माणसाने आयुष्यभर लोकांच्या पाकिटात फुकट रुपये का टाकले, हे मला त्या वेळी जरासं कळलं. आता हा पाहुणा नको म्हणाला तर काय, या विचाराने मला बसवेना.

दादांनी रुपया उचलला. पाकीट उघडून आत टाकला. पण पाकीट भाऊंना दिलं नाही, वहिनींपुढे धरलं आणि म्हणाले, "धर."

वहिनींच्या हातात ट्रे होता. तो मी घेतला. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं कामाचं काम तेवढंच.

वहिनींनी पाकीट घेतलं, पदराला हात पुसून मग घेतलं. "पोरगी कशी दिसत व्हती रे?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं उदगीरकडच्या माणसाबरोबर काढूनही त्यांची बोली कुरुळीचीच राहिली होती.

"तुज्यावानीच," दादा म्हणाले. "नाकाकडनं." आणि खुर्ची ओढून बसले.

"ह्यांनी मला जिलबी आनून दिली व्हती तवा," वहिनी म्हणाल्या. "खिशातनं. कुनाची म्हनून सांगितलं न्हाय. मला वाटलं, ह्यांना काय झालंय आज."

त्या रडायला लागल्या, मग दादाही. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. भाऊंनी वहिनींच्या हातातलं पाकीट अलगद काढून घेतलं, डोळे मिटले आणि अंगठ्याने चाचपलं. एरवी त्यांना हे काम करायला क्षणभरही लागत नाही. आज डोळे उघडायला बराच वेळ लागला.

"ओके," भाऊ म्हणाले. "आता जेवून जा, दादा."