सातवं घर

झेरॉक्स मशीनच्या काउंटरला सहा घरं होती. प्रत्येक घरात एक आकडा, पांढऱ्यावर काळा. दर प्रतीला शेवटच्या घरातला आकडा टक् करून पुढे सरके. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी ती घरं नऊ वर्षांपूर्वीच मोजली होती. त्याच संध्याकाळी दुकानदार त्यांना म्हणाला होता, "दहा लाख प्रती निघाल्या की मशीनचे पैसे वसूल. मग दुसऱ्या दिवशी आपलं लग्न."

दहा लाखाला सात घरं लागतात. पण चालू प्रयोगात हात घालायचा नाही, ही बाईंची सवय. शिवाय एवढी साधी गोष्ट माणसाच्या आपोआप लक्षात येईल, असं त्यांना वाटलं होतं.

आज, शुक्रवारी, काउंटर ९९९९८९ वर आला तसं दुकानदाराने काम थांबवलं. बाई शाळेतून येईपर्यंत त्याने वकिलाच्या कारकुनाला चाळीस पानांसकट स्टुलावर बसवून ठेवलं. गल्ल्यावर बसणारी त्याची आई उठून मशीनपाशी आली. दुकानदाराने नवा शर्ट घातला होता.

"काढा की हो पटापट," बाई दारात दिसताच कारकून म्हणाला.

"मी नऊ वर्षं थांबलोय. तुमचं दहा मिनिटांत काय बिघडतंय?"

एकेक पान आत जाऊ लागलं. दहाव्या पानाला सहाही घरांत नऊ उभे राहिले. अकरावं पान गेलं, सगळे आकडे एकदम हलले, आणि सहाही घरांत शून्य.

दुकानदार पांढराफटक पडला. मटकन स्टुलावर बसायला गेला तो थेट कारकुनाच्या मांडीवर.

"गेलं! आई, सगळं गेलं! पुन्हा पहिल्यापासून!"

"माझं पान तर झकास आलंय," त्याच्या पाठीमागून कारकून म्हणाला.

"काही गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सातवं घरच नाही, म्हणून एक दिसत नाही. हेच दहा लाख."

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, काउंटर भरायच्या आधी तूच काहीतरी बोलशील."

दुकानदाराच्या जिवात जीव आला. "म्हणजे वसूल झालं!" तो ओरडला, आणि आई रडायला लागली.

"अरे, त्यातल्या चाळीसेक हजार माझ्या आहेत," आई डोळे पुसत म्हणाली.

"तुझ्या म्हणजे?"

"तू जेवायला गेलास की मी कोऱ्या कागदाच्या वीस-वीस प्रती काढायची. लवकर भरावं म्हणून. कागद वाया नाही घालवला हं. कोरेच निघायचे, परत ट्रेमध्ये ठेवायची."

दुकानदाराचा जबडा खाली आला. ओठ मात्र हलत होते. "चाळीस हजार... म्हणजे अजून साडेचार महिने."

बाईंनी मनात भागाकार केला. रोजच्या तीनशे धरल्या तर उत्तर बरोबर होतं. बरोबर उत्तराचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, काचेवर ठेवला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. टक्. काउंटरवर एक आला.

कागदावर विवाह नोंदणीच्या कचेरीतली वेळ होती. सोमवार, सकाळी अकरा.

"महिन्यापूर्वीच घेतली," बाई म्हणाल्या. "तुझ्या रोजच्या प्रतींचा आलेख काढला होता. या आठवड्यात काउंटर फिरणार, हे दिसतच होतं. मूळ कागद माझा, प्रत तुझी. नाही आलास, तर यापुढे मी प्रश्नपत्रिका शाळेच्या मशीनवर काढीन."

"शाळेत मशीन आहे?"

"आठ वर्षं झाली."

दुकानदार हातातल्या प्रतीकडे बघत राहिला. सवयीने तोंडातून "एका प्रतीचे..." एवढं निघालं. आईने नुसतं पाहिलं, आणि उरलेलं त्याने गिळलं.

कारकुनाने आपली अकरा पानं नीट जुळवली. "बाकीची एकोणतीस सोमवारी न्यायला येऊ ना? तेव्हाच लागणार आहेत."

नऊ वर्षांत दुकान एकदाही बंद राहिलं नव्हतं, अंगात ताप असतानासुद्धा. दुकानदाराने काउंटरकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"आत्ताच घेऊन जा," तो म्हणाला. "सोमवारी दुकान बंद. माझं लग्न आहे."