टपाखालचा तांडेल

छतावरच्या डागाला मी पांढरा रंग फासला. हरीदादा आत आले, त्यांनी वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, आजारी मानसाला पावडर फासून वैद्याला दाखवता काय?"

तारापूरकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि पार बोईसरपर्यंत भाड्याला खोली मिळत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रस्त्याच्या मोजणीसाठी आलेल्या मला खात्याने राहायला एक जुनी बस दिली होती. सीटा काढलेली. खाट खात्याची, स्टोव्ह खात्याचा, बायको तेवढी माझी. बस दांडी गावच्या किनाऱ्यालगत उभी असे आणि पावसाळाभर गळे.

हरीदादा दांडीचे जुने तांडेल. होडीवर त्यांचाच शब्द चालायचा. आता तो आमच्या छतावर चालू लागला. आले की सरळ माझ्या खाटेवर उताणे. एक डोळा मिटून डाग न्याहाळायचा, मग स्टुलावर चढून त्यावर बोट फिरवायचं आणि ते बोट जिभेला लावायचं.

"खारट. दर्याची हवा लागली."

"अळणी. ह्यो पावसाचा."

एकदा बराच वेळ जीभ घोळवून म्हणाले, "ह्यो तर वयनीचा!"

"माझा?" स्टोव्हपाशी सुधा दचकली.

"तुमच्या भाताची वाफ! भात कमी करा, सुका बोंबील खा. मंग बघा छत कसं राहतं."

बोंबलाचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्या सुधाने हसत हसत चहा टाकला.

होडीच्या फटी बुजवतात तसा कापूस आणि राळ ठासून दादांनी एकेक डाग घालवला. खाटेच्या बरोबर वरचा बशीएवढा डाग मात्र हटेना. "याचं मूळ खोल हाय, भाऊ. रोज बघावा लागंल." मग रोज दुपारी दादा, डाग आणि चहा.

दादांची होडी गेली होती. मुलांनी बांधकामावर नोकऱ्या धरल्या आणि ती विकून टाकली. नारळी पौर्णिमेला सारा गाव वाजतगाजत किनाऱ्यावर लोटला, तेव्हा दादा आमच्या बसमध्ये उताणे पडले होते.

"ह्या बसच्या फासळ्या बघा, भाऊ. पालथी घातलेली होडीच हाय."

मी आपला मोठ्याने हसलो.

पुढच्या रविवारी हुक्की आली आणि मी स्वतःच टपावर चढलो. खाटेच्या बरोबर वर एक भोक होतं, आंधळ्यालाही सापडावं असं. त्यात डांबर ओतलं. डाग वाळला.

दादा आले, उताणे पडले. स्टुलावर चढून बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"बरा झाला," एवढंच म्हणाले आणि चहाला न थांबता गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत.

"तांडेलाला जमलं नाही ते आम्ही करून दाखवलं!" मी सुधाला ऐकवलं.

तिने दादांसाठी काढून ठेवलेला कप पुन्हा फळीवर ठेवला.

"उद्या टपावर चढा," ती म्हणाली, "आणि ते डांबर खरवडून काढा."