ओतणारी नव्हती

रंगूबाई गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा वाल्मीकनाना झेंडूच्या वाफ्यात होता. धावत घरी आला आणि दारातल्या दगडावर उभं राहून सवयीनं दोन्ही हात पुढे केले. बेचाळीस वर्षं ती तांब्यानं हातावर पाणी ओतायची. त्या दिवशी कुणी ओतलं नाही.

महिन्याभरानं लेक सुवर्णा म्हणाली, "नाना, एकलहऱ्याला चला आमच्याकडं. इथं तुमचं कोण करणार?"

"माझा मी खमक्या हाय! रविवारी तू अन् जावई जेवायला या. नाय जमलं मला, तर पिशवी भरून येतो तुमच्यासंग!"

रविवारी नानानं सकाळीच झेंडूला शेणखत घातलं. दगडापाशी आला, हात पुढे केले, जरा थांबला आणि ते लेंग्याला पुसून आत गेला. त्याच हातांनी पीठ मळलं, भाकरी थापल्या, ठेच्यासाठी मिरच्या चुरडल्या. पाहुणे दारात आले आणि घाम पुसताना नानाचं बोट डोळ्यात गेलं!

"नाना! आईची आठवण आली?" सुवर्णा धावत जवळ आली.

खरं सांगावं तर फजिती. नाना म्हणाला, "हो गं पोरी!"

जावई अमित मुळातच हळवा. त्यानं नानाचे दोन्ही हात घट्ट धरले, मग स्वतःचे डोळे पुसले. झालं! गडी तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखा नाचायला लागला.

"बघा, जावई असून किती माया!" म्हणत सुवर्णाही रडली. आवाज ऐकून शेजारच्या वत्सलाबाई आल्या आणि काय झालं ते न विचारताच सूर लावून बसल्या. रडून सगळ्यांना भूक लागली. नानाची भाकरी सगळ्यांनी वाखाणली!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका ओळीत चार सलाईनच्या बाटल्या लटकत होत्या.

"स्वयंपाकाआधी हात धुतले नव्हते?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "घरात पाणी नाही का?"

"पाणी हाय," नाना खाली बघत म्हणाला. "ओतणारी नाय."

वत्सलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. या वेळी मिरची नव्हती.

पिशवी भरायची वेळ आली नाही. सुवर्णानं नळाला दोरीनं साबण बांधला आणि अट घातली. आता रोज स्वयंपाकाआधी नाना व्हिडिओ कॉलवर हात धुतो आणि तिकडून ती वीसपर्यंत आकडे मोजते. पंधरालाच नळ बंद केला तर ओरडते, अगदी आईसारखी.

दगडाजवळचा तांब्या मात्र तिथंच आहे. तो आत न्यायचा अजून राहिलाय.